खुर्च्या लावणारे काका

मागे आवाज येतोय ना? हं. मी बसूनच बोलते, गुडघे बोलतायत आज.

तर आज बोलायचंय सपोर्ट ग्रुपबद्दल, म्हणजे एकाच अडचणीतली माणसं जमून बोलतात त्याबद्दल. मी डॉक्टर वगैरे नाही, सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, होता आणि सहा वर्षं मी त्यांचं केलं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. तेव्हा सल्ले देणाऱ्यांना काही तोटा नव्हता, बदाम द्या, शब्दकोडी सोडवायला द्या, आणि इकडे सासूबाई भर दुपारी स्वतःच्याच घरात मला म्हणायच्या, अहो बाई, मला घरी सोडता का. एकदा मी जाम ओरडले त्यांच्यावर. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं हे.

शेवटी मैत्रिणीने ढकलतच एरंडवण्यातल्या, असे पेशंट घरी सांभाळणाऱ्यांच्या एका ग्रुपला नेलं. दहा-बारा माणसं, गोलात प्लास्टिकच्या खुर्च्या, थर्मासमधला चहा, आणि भिंतीवर पाटी (पुणंच ते!): 'विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.' म्हटलं, चला, निदान बदामातून सुटका.

तिथे एक काका होते. सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावायचे, आणि बोलायची पाळी आली की 'पुढे चला' म्हणायचे. तीन महिने हेच. त्या दिवशी मी ओरडल्याचं सांगितलं, कोणी अरेरे केलं नाही, आणि काका एकदम म्हणाले, "मी हात उगारला होता. हिच्यावर." सगळे गप्प. मग म्हणाले, "सांगू का एक? सासूबाई घरी जायचं म्हणाल्या की वाद घालू नका. चपला घाला, सोसायटीला एक चक्कर मारा, दाराशी आलात की म्हणा, आलं बघा घर."

दुसऱ्या दिवशी करून बघितलं. चाललं! नेहमी नाही चाललं, पण त्या दिवशी चाललं.

आता यात फायदा कोणाला झाला? मला झालाच, पण माझ्या मते काकांना जास्त, कारण पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी काकाच बोलले. इतके दिवस ते घेणारे होते, आता त्यांच्याकडे द्यायला काहीतरी निघालं. आयर्विन यालोम म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आहेत, ग्रुप थेरपीत माणूस कशाने सावरतो ते सांगताना दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हे त्यांनी वेगळं मोजलंय, आणि 'मी एकटाच असा नाही' हे कळणंही.

हे काही नवं फॅड नाही हो. 1905 मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट टीबीच्या गरीब पेशंट्सना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायचे, हेतू होता आराम आणि मोकळी हवा शिकवायचा, पण लक्षात आलं की एकमेकांना बघूनच त्यांना धीर येतोय. 1935 मध्ये अमेरिकेतच अ‍ॅक्रनला एक शेअरवाला आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना धरून राहणाऱ्यांची संघटना, निघाली. आणि आपल्याकडे 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांचं, तिथे पेशंटच्या बायकांचाही 'सहचरी' ग्रुप आहे, कारण घरात भोगते तीच ना.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. ग्रुप थेरपी तज्ज्ञ घेतात, माणसं मोजकी आणि बहुतेक तीच ती, आणि सपोर्ट ग्रुप म्हणजे आपल्यासारखेच लोक. जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर गाठा, खुर्च्यांच्या गोलावर भागवू नका. आणि सगळे ग्रुप चांगले नसतात, एकच बाई तासभर बोलते असेही बघितलेत मी. ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर कोथरूडकरांनी खुशाल हडपसरचा ग्रुप शोधावा, ट्रॅफिकची जबाबदारी माझी नाही.

खरी अडचण वेगळीच असते, आपण दोन तास बाहेर गेलो तर घरी पेशंटजवळ कोण? आमच्यातल्या दोघींनी आळीपाळी लावली होती, एका महिन्यात ही मीटिंगला आणि ती दोघींच्याही आजारी आयांजवळ, पुढच्या महिन्यात उलट. दोन्ही आया मिळून भेंड्या खेळायच्या, आणि गाणी म्हणे एकीलाही विसरायला झाली नव्हती.