तिकिटाची कॅटेगरी नेमकी कोणासाठी?

आयटी हेल्पडेस्कवरच्या तुमच्यापैकी बरेच जण हिंजवडीत नाहीतर खराडीत बसून लंडन, न्यू जर्सीच्या ऑफिसांची तिकिटं, म्हणजे तक्रारी-मागण्यांच्या नोंदी, घेता. फोनवरचा माणूस वैतागलेला, मागे कॉल खोळंबलेले आणि समोर कॅटेगरी निवडायचा तीन पायऱ्यांचा ड्रॉपडाऊन. त्या घाईत हात पडेल ते निवडलं जातं. यादी एबीसीडीप्रमाणे लावलेली असेल तर ‘ॲडोबी’चा आकडा फुगतो आणि महिनाअखेरीला मॅनेजर विचारतात, या ॲडोबीला झालंय तरी काय!

कॅटेगरीची कामं दोनच. तिकीट योग्य टीमकडे जावं आणि नंतर मोजता यावं. ‘प्रिंटर’खाली ‘कागद अडकला’, ‘छपाई फिकट’, ‘आवाज येतो’ असे पर्याय कशाला? तिन्हींसाठी जाणार तोच इंजिनिअर. ‘टोनर संपला’ मात्र वेगळं ठेवा, कारण ते बहुधा व्हेंडरकडे जातं. टीमचं नाव, शहराचं नाव, ‘अर्जंट’ हेही कॅटेगरीत घुसवू नका. किती जणांचं काम अडलंय आणि किती घाई आहे, यावरून प्रायॉरिटी ठरते. तिच्यासाठी वेगळा रकाना असतोच.

बिघाड आणि मागणी मात्र पहिल्याच पायरीला वेगळ्या करा. आयटी सेवा कशी चालवावी हे सांगणारी आयटिल ही चौकट 1980च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेत तयार झाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीतसुद्धा मागण्या बिघाडांच्याच प्रक्रियेतून जात. 2007च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांना स्वतंत्र प्रक्रिया मिळाली. ‘लॅपटॉप सुरू होत नाही’ आणि ‘नवा लॅपटॉप हवा’ या दोन्ही गोष्टी ‘हार्डवेअर’मध्ये टाकल्या, की साहेबांच्या मंजुरीत गेलेले चार दिवस दुरुस्तीच्या वेळेत मिसळतात आणि बोलणी खातो डेस्क.

आता माझ्या आवडीचा मुद्दा. फोन करणारा लक्षण सांगतो, कारण नाही. ‘व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लागत नाही’ म्हणतो. तुम्ही ‘नेटवर्क’ लावता, आणि ते बरोबरच आहे. अर्ध्या तासाने कळतं, पासवर्डची मुदत संपली होती. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप उघडताना ऑफिसच्या नेटवर्कच्या संपर्कातच नसतो. तो जुन्याच साठवलेल्या पासवर्डवर मजेत उघडतो, मुदत संपत आल्याची सूचना त्या माणसापर्यंत पोचतच नाही, आणि बिंग फुटतं ते व्हीपीएनच्या दारात. तिकीट बंद करताना बरेच जण ‘नेटवर्क’ खोडून ‘पासवर्ड’ करतात. खोडू नका! उघडतानाची एक आणि बंद करतानाची एक, दोन्ही राहू द्या. ‘नेटवर्क’ म्हणून उघडलेली आणि ‘पासवर्ड’ म्हणून बंद झालेली तिकिटं शेजारीशेजारी दिसली, की नेटवर्कवाल्यांना झोडपणं थांबतं. मग मुदतीआधी मेल जाऊ लागतो, पासवर्ड बदलायची लिंक व्हीपीएनच्या पानावर येते. माझ्या मते डेस्कचा सगळ्यात कामाचा रिपोर्ट हाच, आणि तोच कोणी काढत नाही.

‘इतर’ या कॅटेगरीवर सगळ्यांचा राग असतो. ती काढलीत तर तिच्यातली तिकिटं ‘ॲडोबी’त जाऊन बसतील. त्यापेक्षा दर महिन्याला त्यातले विषय डोळ्यांखालून घाला. एकच तक्रार वारंवार दिसली तर तिला कॅटेगरी द्या. आणि जुनी मोडीत काढायची असेल तर फक्त निवडीतून काढा, रेकॉर्डमधून पुसू नका. नाहीतर मागच्या वर्षाचा रिपोर्ट काढताना ती तिकिटं कुठल्या रकान्यात दाखवणार?