घोरपडीचे हाड आणि पावडरची डबी

मित्रहो, घोरपड पाळणारी माणसे मला भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ‘कॅल्शियमची कोणती पावडर चांगली?’ मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, ‘ती खाते काय, आणि तिच्यावर कोणता अतिनील दिवा आहे?’ काहींना हे उत्तर टाळणे वाटते. पण या दोन गोष्टी ठाऊक नसताना पावडर सुचवणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे होय.

काही वर्षांपूर्वी सवाना घोरपडीचे एक पिल्लू माझ्या टेबलावर आणले गेले. वय वर्षाच्या आतले, डोळे तरतरीत, भूक उत्तम. पण टेबलावर ठेवल्यावर त्याने पोट वर उचलले नाही. निरोगी घोरपड चारही पायांवर अंग तोलून दमदार चालते. हे पिल्लू मात्र पोटावर सरकत होते आणि त्याच्या बोटांची टोके बारीक थरथरत होती. मी त्याचा खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबला, तेव्हा तो हाडासारखा न लागता ओल्या चामड्यासारखा दबला. घरच्यांनी हयगय केली होती असे मुळीच नाही. रोज ताजे, स्वच्छ, बिनहाडाचे कोंबडीचे मांस बारीक कापून ते त्याला भरवत होते आणि आठवड्यातून एकदा त्यावर चिमूटभर पावडर टाकत होते.

चूक नेमकी कुठे झाली, ते आकड्यांत पाहू. कोंबडीच्या 100 ग्रॅम बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस सुमारे 200 मिलिग्रॅम असतो, तर कॅल्शियम 10 मिलिग्रॅमच्या आसपास. सरपटणाऱ्या प्राण्याच्या आहारात मात्र कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे, असे आपण धरतो. रक्तातले कॅल्शियम घटू लागले की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेते, कारण हृदय आणि स्नायू चालायचे तर रक्तातली पातळी राखावीच लागते. म्हणूनच रक्ताची तपासणी ठीक दिसत असतानाही हाडे आतून रिकामी होत असतात. आता त्या 100 ग्रॅम मांसाचे प्रमाण दीडपटीवर आणायचे, तर जवळपास 290 मिलिग्रॅम कॅल्शियम वरून घालावे लागेल. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्के असते, म्हणजे साधारण पाऊण ग्रॅम पावडर लागते, आणि तीही दर जेवणाला. आठवड्यातली एक चिमूट तिथे कशी पुरणार? शिवाय निव्वळ मांसात यकृत नसते, हाड नसते, आतडी नसतात, त्यामुळे जीवनसत्त्वांची उणीवही उरतेच.

अख्ख्या उंदराची गोष्ट वेगळी आहे. त्याचा सांगाडाच कॅल्शियम पुरवतो आणि यकृत अ जीवनसत्त्व पुरवते, म्हणून पूर्ण वाढलेल्या उंदरांवर असलेल्या घोरपडीला वरून कॅल्शियम देण्याची फारशी गरज नसते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची हाडे मऊ असतात, तेव्हा केवळ त्यांवर विसंबू नये. आणि रोज उंदीर दिला तर सवाना घोरपड फार लवकर लठ्ठ होते. ही जात निसर्गात मुख्यतः कीटक, गोगलगायी आणि पैसा किडे यांवर जगते. गोगलगायीच्या शंखात आणि पैसा किड्याच्या कवचात चुना असतो. रातकिडा किंवा झुरळ यांचे कवचही कडक लागते, म्हणून त्यातही कॅल्शियम असेल असे पुष्कळांना वाटते, पण ते कवच कायटिनचे असते, आणि त्या किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट भरतो.

म्हणून किड्यांना पावडर लावणे आवश्यकच. एका पिशवीत रातकिडे घ्या, थोडी फॉस्फरसविरहित कॅल्शियम पावडर टाका आणि हलकेच हलवा. किडे पांढरे होतात. नंतर ते एखाद्या डब्यात सोडून पाहत बसा. थोड्याच वेळात ते पाय आणि मिशा तोंडात धरून पुसू लागतात, आणि काही तासांत बरीचशी पावडर अंगावरून उतरलेली असते. तेव्हा पावडर लावलेले किडे लगेच खाल्ले गेले पाहिजेत. रात्रभर पिंजऱ्यात फिरत राहिलेल्या किड्याला पावडर लावलेली धरू नये. त्याच किड्यांना आधीचे 24 ते 48 तास कॅल्शियमयुक्त खाद्य दिले, तर त्यांच्या पोटातूनही भर पडते.

आता ड3 जीवनसत्त्व. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. 290 ते 315 नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी त्वचेत त्याची पूर्वावस्था तयार होते आणि शरीराच्या उष्णतेने तिचे ड3 बनते. यातली सोय अशी की किरणे जास्त झाली तर जादा पूर्वावस्था निरुपयोगी द्रव्यांत मोडते, त्यामुळे त्वचेकडून विषबाधा होत नाही. तोंडावाटे दिलेल्या ड3ला असा बांध नाही. ते साठते, आणि मग मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना बसतो. घोरपडींतली सर्वांत मोठी जात म्हणजे कोमोडो ड्रॅगन. प्राणिसंग्रहालयात बंदिस्त जागेत ठेवलेल्या कोमोडोंच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळले होते, आणि ऊन किंवा अतिनील दिवा मिळाल्यावर ते वाढले. काचेतून आलेले ऊन या कामी उपयोगाचे नाही. दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतो असेही नाही. वर्षाच्या आतच त्याची अतिनील शक्ती पुष्कळ उतरू शकते, म्हणून तारीख लिहून ठेवून तो बदलावा.

चांगला दिवा असेल तर मी वाढत्या पिल्लाला किड्यांच्या जवळजवळ प्रत्येक जेवणाला साधे कॅल्शियम सुचवतो, आणि ड3सह बहुजीवनसत्त्वांची पावडर आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच. अंड्यांवर आलेल्या मादीची गरज वाढते, आणि नर नसतानाही ती अंडी घालू शकते हे ध्यानात ठेवावे. बहुजीवनसत्त्वाची उघडलेली डबी हवेने, उजेडाने उतरते. जुनी झाली की टाकून द्यावी.

काही चुका पावडरने भरून निघत नाहीत. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला जखडून ठेवते. काही माशांतील थायमिनेज ब1 जीवनसत्त्व नष्ट करते. नुसते यकृत सतत दिल्यास अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. आणि तापण्याची जागा पुरेशी गरम नसेल तर अन्न पचतच नाही, मग त्यावरची पावडर कितीही उत्तम असो.

त्या पिल्लाचे मांस आम्ही बंद केले, नवा दिवा लावला, उष्णता वाढवली आणि कॅल्शियम मोजून देऊ लागलो. थरथर आधी थांबली. जबडा टणक व्हायला काही महिने लागले. आता ती घोरपड पोट उचलून चालते. शेपटीच्या मध्यावरचा वाकडेपणा मात्र कायम राहिला आहे, आणि तिथे बोट फिरवले की जुन्या मोडाची गाठ हाताला लागते.