रोह्यावर बसलेलं पोरगं

नमस्कार मंडळी.

लेकीनं मला एका जपानी ॲनिमेशनपटाचा ट्रेलर दाखवला. हायाओ मियाझाकींचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’, 1997 चा. एकीकडं जंगलातले देव, दुसरीकडं लोखंड गाळणारी वस्ती. “बाबा, निसर्ग विरुद्ध माणूस,” लेक म्हणाली. दोन मिनिटांच्या ट्रेलरला एवढंच सांगता येतं, त्यात तिची चूक नाही.

तोच ट्रेलर मी लातूर जिल्ह्यात काकांना पाठवला. काकांचं सोयाबीनचं रान. बांधाला जुन्या लुगड्यांचं कुंपण, यंदा जनावरांना विजेचा हलका धक्का देणारं झटका मशीनही बसवलंय, तरी जागलीला जाणं सुटलेलं नाही. लगेच फोन आला, “हे पोरगं रोह्यावर बसून कुठं निघालंय रे?” नायक बसतो तो तांबडा एल्क, म्हणजे एक मोठं हरीण, त्यांना रोही म्हणजे नीलगाय वाटला. आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

मग मी अख्खा चित्रपट पाहिला. लोखंड गाळायला कोळसा लागतो, म्हणून जंगल तुटतं. पण भट्टीचा भाता पायानं तुडवतात त्या बाया कोठ्यांवरून सोडवून आणलेल्या. बंदुका बनवतात ते कुष्ठरोगी. त्यांना आसरा देणारी आणि जंगल तोडायला लावणारी बाई एकच, इबोशी. आता तिला खलनायिका म्हणायचं कसं?

मला आमचा ऊस आठवला. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर पाणी. तेव्हा इथल्या मित्रांनी मला विचारलं होतं, दुष्काळी भागात ऊस लावतातच कशाला? मी मोठ्या तोऱ्यात मान डोलावली. तुरीच्या भावाचा भरवसा नाही, उसाचं बिल उशिरा का होईना येतं, हे सांगितलंच नाही. माझी कॉलेजची फी त्याच बिलातून भरली होती, हेही नाही. काकांनी बोअरवर बोअर घेतले, काळ्या पाषाणात पाणी खोल खोल जात राहिलं, आणि मी इकडं विमानात बसलो.

परवा काकांचा पुन्हा फोन. ट्रेलरमधलं ते पिसाळलेलं रानडुक्कर त्यांच्या मनातून जाईना. “त्याच्या अंगात काहीतरी रुतलंय बघ,” म्हणाले. “धड डुक्कर असं गावावर येत नाही.”

चित्रपटात त्याच्या अंगात लोखंडाची गोळी निघते. इबोशीच्या बंदुकीची. काकांना हे मी सांगितलेलं नव्हतं.