भुशातला राजा, अँटवर्पचं गोल्ड: रॉबर्ट रॉथ

मंडळी, ऑगस्ट १९२०. पहिलं महायुद्ध संपून अजून दोन वर्षंही झाली नव्हती आणि बेल्जियममधल्या अँटवर्पला ऑलिम्पिक भरलं होतं. कुस्त्या कुठे, तर तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या हॉलमध्ये! त्याच हॉलमध्ये ८२.५ किलोच्या वरच्या गटात, म्हणजे हेवीवेटमध्ये, फ्रीस्टाइलचं गोल्ड मारलं स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट रॉथनं. जन्म १८९८ चा, म्हणजे पोरगाच म्हणायचा.

पण त्याच्या देशात लोक त्याला आधीपासूनच ओळखत होते, कारण १९१९ ला लांगेंथालच्या राष्ट्रीय दंगलीत तो 'श्विंगरक्योनिग' झाला होता, म्हणजे श्विंगनचा राजा. आता श्विंगन म्हणजे काय, तर स्विस लोकांची गावरान कुस्ती. आपल्याकडे तांबडी माती तसा तिथे लाकडाचा भुसा. दोघांनी कपड्यांवरून जाड कापडाची आखूड चड्डी चढवायची, वर चामडी पट्टा, आणि सलामी झाली की एक हात समोरच्याच्या पाठीमागे पट्ट्यावर, दुसरा त्याच्या मांडीवर गुंडाळलेल्या चड्डीच्या काठावर, आणि ही पकड पक्की बसल्याशिवाय पंच कुस्ती सोडतच नाही. मग उचल, फिरव, आपट. वजनगट वगैरे काही नाही, समोर येईल त्याच्याशी लढायचं. पाठ भुशाला लागली की खेळ खलास, आणि मग जिंकलेला पैलवान हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हातानं झटकतो. मला तर ही रीत फार आवडते.

आता बघा, या गड्याची सगळी ताकद कंबर, मांडी आणि पायात, आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला कुस्ती होती फक्त ग्रीको-रोमन, जिथे कमरेखाली हात लावायचा नाही, पायानं डाव टाकायचा नाही. १९१६ चं ऑलिम्पिक तर युद्धानं गिळलं. म्हणजे १९०८ नंतर फ्रीस्टाइल, जिथे पाय धरता येतात आणि पायांचे डावही चालतात, परत आली ती थेट अँटवर्पला, आणि रॉथ नेमका तेव्हाच ऐन भरात होता. टायमिंग जुळलं हे खरं, पण नुसत्या टायमिंगवर गोल्ड मिळत नाही ना. सिल्व्हर मिळालं अमेरिकेच्या नॅट पेंडलटनला, जो पुढे हॉलिवूडमध्ये अ‍ॅक्टर झाला, आणि अमेरिकन कोचना रॉथच्या बाजूचा निकाल काही पटला नाही.

आणि हे ऐका, त्याच फ्रीस्टाइल स्पर्धेत आपली दोन मराठी माणसं होती, कुमार नवले आणि रणधीर शिंदे! नवले पहिल्याच कुस्तीत अमेरिकनाकडून हरले, पण शिंदे फेदरवेटमध्ये, म्हणजे हलक्या वजनगटात, सेमीफायनलपर्यंत गेले आणि ब्रिटनच्या बर्नार्डकडून ब्राँझची कुस्ती हरून चौथे आले. खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या पदकाआधी ३२ वर्षं, विचार करा.

रॉथ गोल्ड घेऊन घरी बसला नाही, परत भुशात उतरला आणि १९२१ ला बर्नमध्ये दुसऱ्यांदा राजा झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला स्वित्झर्लंडच्याच हेरमान गेहरी आणि फ्रित्स हागमन यांनी फ्रीस्टाइलची अजून दोन गोल्ड आणली, आणि रॉथच्याच हेवीवेट गटात सिल्व्हर मिळवलं त्यांच्याच देशाच्या आंरी वेर्नलीनं. हा वेर्नली १९२६ ला स्वतः श्विंगरक्योनिग झाला, म्हणजे आधी ऑलिम्पिक पदक आणि मग राजा, रॉथच्या बरोबर उलटं.