खालचा थर

नमस्कार मंडळी.

वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी फोनवर मला विषय विचारला. मी म्हटलं, 'टीव्हीवरच्या स्पर्धांमधले माझे आवडते नाच'. त्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. नंतर ते फार सभ्यपणे म्हणाले, "म्हणजे लोककला वगैरे का?" मी म्हटलं, नाही हो, टीव्हीवरचे. परीक्षक बसलेले असतात, धूर सोडतात, पूर्वी एसएमएस करा म्हणून सांगायचे, ते. परवा याच माइकसमोर ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावर व्याख्यान झालं आहे आणि आज मी उभा आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

पहिल्यांदाच कबूल करतो, मला नाचता येत नाही. लग्नाच्या वरातीत मी बँडवाल्याच्या बाजूने चालतो, म्हणजे लोकांना वाटतं याच्याकडे काहीतरी व्यवस्था आहे. पण बघायला मला येतं. तीस वर्षं बघतोय. घरातली माणसं मालिका बघत आली, मी नाच बघत आलो, आणि रिमोटवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरूनही झाली नसतील.

सुरुवात अर्थातच 'बूगी वूगी'पासून. सोनीवर १९९६ साली सुरू झालं. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बेहल, तीन माणसं एका ओळीत बसायची आणि समोर कोण येईल याचा काही नेम नसायचा. कुठल्या तरी गावातला मुलगा चकचकीत शर्ट घालून यायचा, कधी सहावीतली मुलगी, आणि आयांची स्पर्धा तर तुम्हालाही आठवत असेल. पन्नाशीच्या बायका पदर खोचून जे काही नाचायच्या! स्टेज साधं. आणि माझ्या आठवणीत कॅमेरा गप्प उभा असायचा. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा. आज ही गोष्ट सांगावी लागते, कारण आज माणूस टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत दिसतो. पाय, मग चेहरा, मग परीक्षकाचा उघडा जबडा, मग रडणारी आई, मग पुन्हा पाय. मधलं काय झालं ते देवाला ठाऊक.

त्यानंतर नाव घ्यायचं तर २००९ सालाचं. हे साल आमच्यासारख्यांचं सोन्याचं. झीवर 'डान्स इंडिया डान्स' त्याच वर्षी आलं. रेमो डिसूझा, गीता कपूर, टेरेन्स लुईस, आणि वर मिथुनदा. ऑडिशनमध्ये निवड झाली की 'तकदीर की टोपी' द्यायचे. आमच्या गल्लीतली पोरं तेव्हा एकमेकांना रुमालाची टोपी घालून 'क्या बात, क्या बात, क्या बात' करायची. पहिलं पर्व सलमान युसूफ खानने जिंकलं, दुसरं शक्ती मोहनने. दुसऱ्या पर्वात धर्मेश होता, बडोद्याचा. हा पोरगा काय करायचा सांगतो. गाणं जिथे जोरात वाजतं तिथे सगळे जोरात नाचतात, हा तिथे थांबायचा. नुसता थांबायचा, आणि पुढचा ठोका येताना खांद्याने तो हलकेच उचलायचा. तबल्यातली सम कशी येते, आपल्याला आधी कळते आणि तरी आली की मान हलते, तसं.

'कंटेम्पररी' हा शब्दही या कार्यक्रमाने आपल्या घरात आणला. त्याआधी जमिनीवर लोळून, पोटात दुखल्यासारखं वळून कोणी नाचलं असतं तर आजीने ओवा दिला असता. आता शेजारची वहिनी सांगते, मुलीला कंटेम्पररीला घातलंय. आणि तिसऱ्या पर्वात राघव जुयाल आला. देहरादूनचा, काडीपैलवान. तो स्टेजवर चालायचा आणि असं वाटायचं की कोणीतरी व्हिडिओचा वेग कमी केलाय. ज्याला कोणी पडताना झेलायचं नाही, उचलायचं नाही, ज्याच्याकडे एक सुद्धा कोलांटी नाही, त्याने लोकांना जागेवर बसवलं. तुम्ही घरी करून बघा, दोन पावलं तशी टाकून बघा. सगळं वजन एका गुडघ्यावर थांबवून धरायचं असतं. मी केलं होतं. दोन दिवस ऑफिसला रिक्षाने गेलो.

पण आज मला खरं बोलायचंय ते एकट्याच्या नाचाबद्दल नाही. घोळक्याच्या नाचाबद्दल. आणि त्यासाठी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल.

मी एकोणीस-वीस वर्षांचा असताना आमच्या चाळीच्या गोविंदा पथकात होतो. अंगाने दणकट, उंचीने बेताचा. म्हणजे जागा ठरलेलीच, खालचा थर. तुमच्यापैकी जे थरात उभे राहिलेत त्यांना माहीत आहे, खालच्याला एकच सूचना असते, मान खाली. शेजाऱ्याच्या खांद्याला घट्ट धरायचं, तोंड आतल्या बाजूला, आणि हलायचं नाही. वर चढणारे तुमच्या मांडीवर, पाठीवर, खांद्यावर पाय देत जातात. घाम कोणाचा, पाणी कोणाचं, काही कळत नाही. मी तीन वर्षं हंडीत उभा राहिलो आणि हंडी फुटताना एकदाही पाहिली नाही. आवाज ऐकला. डोक्यावर दही पडलं की समजायचं, जमलं.

तेव्हापासून मला खोड लागली आहे. कुठेही माणसावर माणूस चढलेला दिसला की मी वरच्याकडे बघत नाही.

आता पुन्हा २००९कडे या. कलर्सवर 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं पहिलं पर्व. परीक्षक शेखर कपूर, सोनाली बेंद्रे, किरण खेर. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून एक ग्रुप आला, प्रिन्स डान्स ग्रुप. बहुतेक जण मजुरी करणारे. त्यांच्यात दोघे जण शरीराने अपंग. अंगभर चंदेरी रंग फासून ही मंडळी स्टेजवर आली आणि त्यांनी कृष्ण उभा केला. म्हणजे कोणी एकाने कृष्णाचं सोंग घेतलं, असं नाही. माणसं एकमेकांत शिरली, आणि त्या सगळ्यांची मिळून मूर्ती झाली. मोडली, पुन्हा दुसरी झाली. माझ्या हातात तेव्हा चहाचा कप होता. तो प्यायचा राहिला, साय धरली.

यात विशेष काय होतं? चंदेरी रंगामुळे कोण वर आणि कोण खाली हेच दिसत नव्हतं. सगळं एक धातू. ज्यांना आपण रस्त्यात बघून नजर वळवतो त्या दोघांचं शरीर त्या मूर्तीत असं बसलं होतं की त्यांच्याजागी दुसरा चाललाच नसता. ओडिशात गोटिपुआ म्हणून नाच आहे, त्यात लहान मुलं मुलींचा वेश करून नाचतात आणि शरीरं वाकवून 'बंध' घालतात, राधाकृष्णाच्या आकृत्या करतात. या मजुरांनी तो शिकला होता असं माझं म्हणणं नाही. पण ज्या मातीत शरीरांनी देव घडवायची सवय आहे, तिथून हे आलं. आपल्याला दशावतार म्हटलं की सिंधुदुर्गातला आठवतो, पेटी, मृदंग, रात्रभर. तिथेही देव होतो तो माणूस कालपर्यंत शेतात असतो. ते पर्व प्रिन्स ग्रुपने जिंकलं. ओडिशाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, नवीन पटनायकांनी, त्यांना एक कोटी रुपये आणि अकादमीसाठी चार एकर जमीन जाहीर केली.

त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये सुझन बॉइल नावाच्या बाई गायल्या आणि सगळं जग त्यांच्यामागे वेडं झालं. पण 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' जिंकलं कोणी? डायव्हर्सिटी नावाच्या नाचणाऱ्या मुलांनी. मोठे तरुण, आणि त्यांच्यात एक केसांचा डोंगर असलेला चिमुकला, ज्याला ते चेंडूसारखा उडवायचे. मला तो चिमुकला आवडलाच, पण जास्त आवडले ते त्याला झेलणारे. झेलताना त्यांचा चेहरा विनोदीच राहायचा. हात मात्र अजिबात विनोद करत नव्हते.

आणि आता घरचं कार्य. आपल्या वेस्टर्न लाइनचं. वसई-नालासोपाऱ्याकडची पोरं, सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंतेरो यांचा ग्रुप. २०११ साली 'इंडियाज गॉट टॅलेंट'चं तिसरं पर्व त्यांनी जिंकलं. पुढे 'एबीसीडी २' हा सिनेमा त्यांच्यावरून निघाला. मग ग्रुपचं नाव किंग्ज युनायटेड झालं, अमेरिकेत 'द किंग्ज'. २०१९मध्ये तिकडच्या एनबीसी वाहिनीवरच्या 'वर्ल्ड ऑफ डान्स'मध्ये ते गेले. समोर जेनिफर लोपेझ. बक्षीस दहा लाख डॉलर. शेवटच्या नाचाला शंभरपैकी शंभर, आणि जिंकले. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं शरीर बाहेर ठेवून बसायची ज्यांना सवय आहे त्यांना तोल काय शिकवणार, असं मी तेव्हा म्हणालो होतो. हा विनोद झाला. पण अर्धाच.

त्यांच्या नाचात मला काय दिसतं? फॉर्मेशन बदलताना कोणी धावत नाही. म्हणजे धावतात, पण धावणं दिसत नाही. एक जण हवेत उडतो, तुमची नजर त्याच्यामागे जाते, आणि तेवढ्या वेळात खाली उरलेले सगळे जागा बदलतात. हात की सफाई. पहिल्यांदा बघताना मी उडणाऱ्याला बघितलं. दुसऱ्यांदा टीव्हीचा आवाज बंद करून फक्त खाली बघितलं. तुम्हीही एकदा आवाज बंद करून बघा. गाणं गेलं की लबाडी करणारे ग्रुप लगेच उघडे पडतात. यांचं उलट झालं, आवाज बंद असताना ताल जास्त ऐकू आला.

आवाजाचा विषय निघाला म्हणून एक तक्रार करून घेतो. आपल्या मराठी वाहिन्यांवर 'एका पेक्षा एक' झालं, लावणीसाठी 'ढोलकीच्या तालावर' झालं. चांगल्या नाचणाऱ्या मुली पुढे आल्या, हे खरं. पण लावणी म्हणजे ढोलकीवाला आणि घुंगरू यांचं भांडण. तो एक तोडा टाकणार, ती पायाने उत्तर देणार, तो हसणार, पुन्हा टाकणार. आधी कापून-जोडून आणलेल्या ट्रॅकवर लावणी केली की भांडायला समोर कोणी नसतं. पाय छान चालतात, पण उत्तर कोणाला देतायत? ज्यांनी संगीतबारी समोर बसून पाहिली आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. असो.

दुसरी तक्रार त्या 'एव्ही'ची. नाचाआधी दाखवतात ना, झोपडी, स्टोव्ह, आईचे डोळे. गरिबी खरी असते, मी नाही म्हणत नाही. पण नाच सुरू व्हायच्या आधीच आपल्याला रडवून ठेवलं की मग डोळ्यांत पाणी असताना पाय नीट दिसत नाहीत.

व्ही अनबिटेबलची एव्ही मात्र मी विसरू शकलो नाही. हाही मुंबईचाच ग्रुप, इथल्या वस्त्यांमधली तीसेक मुलं. नाव आधी नुसतं अनबिटेबल होतं. सरावात त्यांचा विकास नावाचा साथीदार पडला, अंग लुळं पडलं, आणि पुढे तो गेला. त्याच्या नावातला 'व्ही' त्यांनी पुढे लावला. २०१९च्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये ही मुलं पिवळे शर्ट घालून आली, पाठीवर 'विकास' लिहिलेलं. बास्केटबॉलवाल्या ड्वेन वेडने गोल्डन बझर दाबला, म्हणजे थेट पुढे प्रवेश. त्या वर्षी ते चौथे आले. पुढच्याच वर्षी, २०२० साली, आधीच्या विजेत्यांसाठी आणि गाजलेल्या स्पर्धकांसाठी असलेल्या 'द चॅम्पियन्स'मध्ये पुन्हा गेले आणि जिंकून आले.

त्यांच्या उड्या तुम्ही मोबाइलवर पाहिल्या असतील. एक मुलगा एवढा उंच जातो की सिमेंटच्या स्लॅबखाली राहणाऱ्या माणसाला भीतीच वाटावी. लोक म्हणतात, बाप रे, काय धाडस. धाडस आहेच. पण विचार करा. ज्या ग्रुपमध्ये एक जण सरावात पडून गेला, तिथे पुन्हा पहिल्या दिवशी कोणीतरी उडी मारली असेल. आणि कोणीतरी खाली हात पसरून उभं राहिलं असेल. उडणाऱ्याला निदान हवेत असताना विचार करायला वेळ नसतो. झेलणारा जमिनीवर असतो, त्याच्याकडे पूर्ण दोन सेकंद असतात. विकासचं नाव त्याच्या पुढच्याच्या पाठीवर लिहिलेलं, डोळ्यासमोर. मी त्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिलेत. झेलणाऱ्याची नजर येणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसते, कमरेवर असते. कंबर सापडली की माणूस सापडला. आमच्या पथकातले जुने काका हेच सांगायचे, पोराच्या तोंडाकडे बघू नका, तो घाबरलेला असेल, तुम्हीही घाबराल.

आणि टीव्हीवाले नेमके त्या क्षणी काय करतात? परीक्षकाचा चेहरा दाखवतात! सायमन कॉवेलच्या भुवया वर गेल्या, त्या दाखवल्या. मुलगा झेलला गेलाय हे आपल्याला त्याच्या भुवयांवरून कळायचं. एका व्हिडिओत तर उडी सुरू झालेली दिसते आणि मग थेट मुलगा उभा. मधले हात गायब. मी मुलीला म्हटलं, या हातांचं कोणी काही केलं का? ती म्हणाली, बाबा, तुम्ही प्रेक्षकांतून कोणी मोबाइलवर घेतलेलं शोधा, ते कापलेलं नसतं.

मग आम्ही दोघांनी बसून एक शोधलं. लांबून घेतलेलं, हललेलं, कोणाचं तरी डोकं मध्ये. पण सगळी मुलं एका चौकटीत. मुलगा वर गेला, खाली आला, झेलला गेला, टाळ्यांचा कडकडाट. वरचा मुलगा लोकांकडे हात करून हसतोय. खाली एक जण आहे, रुंद खांद्यांचा, उंचीने बेताचा. सगळे टाळ्या वाजवतायत आणि तो अजून खालीच बघतोय. एक, दोन, तीन. मग मान वर केली आणि इकडे तिकडे बघितलं, झालं का म्हणून.

मी मुलीला म्हटलं, थांब, हे पुन्हा लाव.