पंखा थांबतो तेव्हा : विज्ञानकथेतील जखमी वीराचे रणांगणावर परतणे

मित्रहो,

आजच्या विषयाकडे मी एका लहानशा तपशिलातून येणार आहे. माणसे राहतात त्या अंतराळयानात हवा खेळती ठेवणारे पंखे अहोरात्र चालू ठेवावे लागतात. पृथ्वीवर आपला उच्छ्वास उबदार असल्यामुळे वर जातो आणि भोवतीच्या हवेत मिसळतो. वजनरहित अवस्थेत ‘वर’ अशी दिशाच उरत नाही, आणि पंखे थांबले तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्यानेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. यानात दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला त्यामुळे पंख्यांची घरघर म्हणजे निर्धास्तपणा, आणि शांतता म्हणजे धोका.

आता अशा यानावर लढलेली एक अधिकारी डोळ्यांपुढे आणा. लढाईच्या अखेरच्या तासात यानाच्या मधल्या भागाला भगदाड पडले आणि उरलेले यान वाचवण्यासाठी तिने दाबरोधक दार बंद करायला लावले. दाराच्या पलीकडे तिचे पाच सहकारी होते. यान वाचले, लढाई जिंकली गेली, तिला शौर्यपदक मिळाले. घरी परतल्यावर ती पंखा लावून झोपते. मध्यरात्री काही कारणाने तो बंद पडला की ती ताडकन उठते, पायांचे तळवे जमिनीला घट्ट टेकवून कुठे कंप जाणवतो का ते पाहते, घरातल्या एकेकाच्या उशाशी जाऊन श्वास ऐकते आणि शेवटी घरातली सगळी दारे सताड उघडून, ती मिटू नयेत म्हणून प्रत्येकापुढे काहीतरी जड ठेवते. सकाळी घरच्यांना दारांपुढे सरकवलेल्या खुर्च्या दिसतात आणि कोणी काही विचारत नाही.

हा तपशील मी मुद्दाम लांबवला. अंतराळयुद्धातून परतलेला वीर फटाक्याच्या आवाजाने दचकतो, असे पुष्कळ कथांत लिहिलेले असते, आणि मला ते दरवेळी खटकते. निर्वात पोकळीतून आवाज येत नाही. शेजारचे यान फुटले तरी ऐकू काहीच येणार नाही. आपल्याच यानावर आघात झाला तर तो धातूच्या भिंतींतून आणि तळव्यांतून कळेल. शरीर जिथे घाबरायला शिकले, तिथल्याच खुणा ते बरोबर घेऊन येते. लेखकाने युद्ध नवे रचले आणि जखम मात्र जुन्या युद्धातून उसनी आणली, तर त्या वीराचे दुःख वाचकापर्यंत पोहोचत नाही.

या स्त्रीला भीती वाटते, एवढेच म्हणून भागणार नाही. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लिखाणात आणली तेव्हा तोफगोळ्याच्या स्फोटाचा शरीरावर झालेला परिणाम, अशीच त्यामागची कल्पना होती. 1980 मध्ये आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत स्थान मिळाले. तरीही व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे यांना जाणवले की अनेकांच्या यातनेच्या मुळाशी नैतिक जखम आहे : जिवावरच्या प्रसंगी, ज्यांच्यावर विश्वास टाकावा अशा अधिकाऱ्यांनीच योग्य-अयोग्याची चाड सोडली, याची ती जखम. पुढे या संकल्पनेत सैनिकाने स्वतःच्या हाताने केलेली, स्वतःच्या विवेकाला न पटणारी कृत्येही आली. आपल्या नायिकेच्या बाबतीत तर पदक आणि जखम एकाच कृत्यातून आली आहेत. लोक ज्याबद्दल तिचा सत्कार करतात, त्याचसाठी ती रात्री दारे उघडी ठेवते. ‘वीर’ हा शब्द उच्चारताच तिच्या मनात ते दार बंद होते, हे ज्या लेखकाला उमगले, त्याला कथेचा गाभा सापडला असे मी समजतो.

मग ती परत का जाते? देशप्रेम, सूड, कर्तव्य ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. घरात ज्या जागरूकतेला आजार म्हणतात, तिलाच यानावर कौशल्य म्हणतात. पंख्याच्या घरघरीत झालेला किंचित बदल झोपेत ओळखणारी अधिकारी तिथे सगळ्यांना हवी असते. शिवाय तिथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. विज्ञानकथेच्या हाती यापुढचे एक साधन आहे, ते म्हणजे काळ. प्रकाशाच्या 99.5 टक्के वेगाने जाणाऱ्या यानात 2 वर्षे गेली, तर घरी सुमारे 20 वर्षे उलटलेली असतात. आपण परतलो पण आपले घर परके झाले, ही परतलेल्या सैनिकाची भावना इथे अक्षरशः खरी होते. व्हिएतनाममध्ये स्वतः जखमी झालेल्या जो हॉल्डमन यांनी 1974 च्या ‘द फॉरएव्हर वॉर’ या कादंबरीत हेच केले : तिचा नायक परततो, त्याला ओळखीचे जग सापडत नाही, आणि ज्या सैन्याचा त्याला तिटकारा आहे त्यातच तो पुन्हा भरती होतो. त्याच्या या निर्णयाला शौर्य म्हणवत नाही आणि मूर्खपणाही म्हणवत नाही.

परंतु जाणाऱ्याइतकेच पाठवणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे, आणि इथे आपल्या कथा फार घाईत असतात. पहिल्या महायुद्धात एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे अत्यंत सहृदय डॉक्टर होते. सैनिकाला बोलते करावे, त्याने दडपलेल्या आठवणींकडे पाहायला त्याला बळ द्यावे, अशी त्यांची पद्धत होती. मात्र ज्याला बरे करायचे, त्याला पुन्हा लढण्याजोगे करायचे, हे त्यांच्या कामाचे दुसरे टोक होते. युद्ध लांबवण्याला जाहीर विरोध करणारे कवी सिगफ्रिड ससून 1917 मध्ये त्यांच्याकडे आले आणि 1918 मध्ये आघाडीवर परतले. पुन्हा जखमी झाले, पण वाचले. त्याच रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांकडे उपचार घेतलेले विल्फ्रेड ओवेनही परतले, आणि 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, मारले गेले. रिव्हर्स यांच्यासारख्या माणसाने केलेल्या उपचाराचा शेवट कुठे होतो, या प्रश्नाने मी अनेक वर्षे अस्वस्थ आहे.

विज्ञानकथा हा प्रश्न आणखी धारदार करू शकते. आठवण जागी झाली की काही काळ ती पुन्हा बदलण्याजोगी होते, असे 2000 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले. या धाग्यावरून कल्पना करा की आरमाराचा डॉक्टर आपल्या नायिकेला सांगतो, ‘ते दार मी पुसून टाकू शकतो.’ मग त्याचा हिशेब मांडून पाहा. आरमाराला तिची जागरूकता हवी आहे, कारण ती यान वाचवते. तिची खंत मात्र नको आहे, कारण पुढच्या वेळी तिचा हात अडखळेल. पण ती झोपेतून ज्या कारणाने उठते आणि दारांपुढे ज्या कारणाने खुर्च्या सरकवते, ते कारण एकच आहे. शिवाय ते पाच जण कसे गेले, हे पुरतेपणी जाणणारी ती एकटीच उरली आहे. तिने होकार द्यावा की नकार, हे मी सांगणार नाही. पण अर्जावर ‘बरी होण्यासाठी’ असे लिहिलेले असेल, तर त्याखाली सही कोणाची आहे हे कथेत दिसले पाहिजे.

राहता राहिला दुसऱ्या लढाईचा प्रसंग. बहुतेक कथांत तो औषधासारखा योजलेला असतो : वीर थरथरत जातो, ऐन क्षणी हात स्थिर होतो, शत्रू पडतो आणि जुने ओझे उतरते. मला ही मांडणी अन्यायाची वाटते, कारण ज्यांचा हात स्थिर झाला नाही त्यांना ती दुसऱ्यांदा हरवते. आपल्याकडे याहून कितीतरी प्रामाणिक प्रसंग महाभारताच्या मौसलपर्वात आहे. कृष्ण गेल्यावर अर्जुन द्वारकेतल्या स्त्रियांना सोबत घेऊन निघतो आणि वाटेत आभीर त्यांच्यावर तुटून पडतात. कुरुक्षेत्र जिंकलेल्या या धनुर्धराला गांडीवाला प्रत्यंचा चढवणे जड जाते, दिव्यास्त्रे स्मरत नाहीत, अक्षय म्हणवले गेलेले भाते रिकामे होतात. तो धनुष्याच्या टोकाने लुटारूंना मारत राहतो आणि त्याच्या देखत अनेक स्त्रियांना पळवून नेले जाते.

त्यानंतर अर्जुन व्यासांकडे जातो आणि जे झाले ते सगळे सांगतो : कृष्णाचे जाणे, यादवांचा अंत, गांडीव न पेलणे, रिते भाते. व्यास त्याचे सारे ऐकून घेतात. ते त्याला धीर एकवटून पुन्हा लढायला पाठवत नाहीत. अस्त्रांचे काम झाले, ती जिथून आली तिथे गेली, असे सांगतात. अर्जुन त्यांचा निरोप घेऊन हस्तिनापुरात येतो आणि झालेली हकीकत युधिष्ठिराला पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो.