बोलणे टेलिग्रामवर नेले जाते, तेव्हा

घरबसल्या काम, दिवसाचे दोन तास, अनुभवाची अट नाही. नोकरीच्या संकेतस्थळावर अशी जाहिरात दिसली, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. घरून करता येणाऱ्या खऱ्या कामांसाठीही माणसे याच शब्दांत मागवली जातात. संशयाची जागा पुढे येते. अर्ज केल्यावर तासाभरात ‘एचआर मॅडम’चा मेसेज येतो आणि पुढचे सगळे टेलिग्रामवर बोलू, असे सुचवले जाते. संकेतस्थळावरच्या संवादाची नोंद राहते आणि तक्रार आल्यास ती तपासून जाहिरातदाराचे खाते बंद करता येते. उमेदवार तिथून बाहेर पडला की ही देखरेख संपते, आणि भामट्यांना नेमके तेच हवे असते.

टेलिग्रामवर मिळणारे काम म्हणजे व्हिडिओंना लाइक करणे किंवा न पाहिलेल्या हॉटेलांना पाच तारे देणे. सुरुवातीचे शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात जमा होतात आणि घरच्यांची शंकाही तिथेच मावळते. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो : आधी हजार भरा, तेराशे परत घ्या. ग्रुपमध्ये कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारे इतर ‘सदस्य’ बहुधा टोळीतलेच असतात. रक्कम वाढली की पैसे अडकतात आणि ते सोडवून घेण्यासाठी आधी ‘कर’ भरायला सांगितले जाते. पगार देणारा मालक नोकराकडेच पैसे का मागतो, हा साधा प्रश्न विचारायला तोवर उशीर झालेला असतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे कंपनीचे व्यवहार स्वतःच्या बँक खात्यातून करून टक्केवारी मिळवण्याची ‘नोकरी’. यात उमेदवाराचा एक रुपयाही जात नाही, त्यामुळे त्याला संशय येत नाही. मात्र त्या खात्यात येणारा पैसा दुसऱ्या कुणाला लुबाडून आणलेला असतो, आणि तपास सुरू झाला की पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्याच दारात येतात.

थायलंडमधल्या नोकरीच्या आमिषाने गेलेले तरुण म्यानमारमधील म्यावाड्डीच्या सायबर-फसवणूक केंद्रांत अडकल्याच्या घटना घडल्या आहेत. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले. परदेशी नोकरी देऊ करणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

पैसे गेले असतील, तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करावा. तिथे नोंद होताच रक्कम ज्या बँकेत गेली, त्या बँकेला सूचना जाते. पैसे तिथे शिल्लक असतील तर रोखले जातात, पुढे सरकले असतील तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. म्हणूनच पहिले काही तास मोलाचे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक) जवळ ठेवावा आणि सविस्तर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवावी. लाजेपोटी पुष्कळ जण चॅट पुसून ग्रुप सोडतात. त्याबरोबर पुरावाही जातो.

पैसे गेले नसले तरी तक्रार करता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. याच पोर्टलवर संशयित मोबाइल क्रमांक, ईमेल किंवा टेलिग्रामवरचे नाव कळवण्याची सोय आहे, आणि संशयास्पद कॉल वा मेसेज दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सुविधेत कळवता येतात. मूळ जाहिरात मात्र नोकरीच्या संकेतस्थळावर तशीच झळकत असते. तिच्याजवळचे ‘रिपोर्ट’चे बटण दाबून, बोलणे टेलिग्रामवर नेल्याचा स्क्रीनशॉट जोडता आल्यास तोही द्यावा.